एसीचें पाणी आणि भिंतीवरील बुरशी

श्रावण-भाद्रपदाच्या दिवसांत आमच्या काटोलास कोणाकडे बसावयास गेलें असतां हल्लीं एक दृश्य वारंवार नजरेस पडतें. यजमान अगत्यानें बैठकींत नेतात, एसी लावतात. आणि त्या यंत्राच्या बरोबर खालीं एक स्टीलचें पातेलें किंवा रंगाचा रिकामा डबा मांडलेला असतो. त्यांत थेंब थेंब पाणी पडत असतें. "मेकॅनिकला सांगून ठेवलें आहे, आज-उद्यां येईल," असें यजमान सांगतात, आणि गोष्ट दुसऱ्या विषयाकडे वळते. पातेल्यामागच्या भिंतीवर मात्र काळसर ठिपक्यांची एक नक्षी उमटलेली असते. पाहुण्यास ती प्रथम दिसते. घरच्या मंडळींस ती दिसेनाशी झालेली असते, कारण ती रोज थोडथोडी वाढली आहे. या ठिपक्यांविषयीं कांहीं गोष्टी वाचकांपुढें मांडाव्यात, असें बरेच दिवस आमच्या मनांत होतें.

आमचा विदर्भ उन्हाळ्यासाठीं बदनाम आहे. २०१३ च्या मे महिन्यांत नागपुरास ४७.९ अंश तपमान नोंदलें गेलें, यावरून परप्रांतींच्या वाचकांस कल्पना येईल. या उन्हाळ्यावर आमच्या लोकांनीं पूर्वी वाळ्याचे पडदे व मागाहून कूलर हे उपाय शोधले. कूलर हा हवेंत पाणी मिसळून गारवा करतो. मे महिन्यांतील करकरीत कोरड्या हवेस तें मानवतेंही. एसीचें काम नेमकें याच्या उलट आहे. तो हवेंतील पाणी काढून घेतो. इ. स. १९०२ मध्यें विलिस कॅरियर या तरुण अमेरिकन इंजिनियरनें ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठीं या यंत्राची पहिली योजना आंखली, ती माणसांस गारवा मिळावा म्हणून नव्हे, तर दमट हवेनें कागद फुगून रंगीत छपाई बिघडत असे, म्हणून. ओल घालविण्यासाठीं जन्मास आलेलें यंत्र आज घरोघर ओल आणून सोडतें, ही त्या यंत्राची नव्हे, तर तें बसविणाऱ्यांची व वापरणाऱ्यांची करामत आहे.

यामागील पदार्थविज्ञान सोपें आहे. हवा जितकी उष्ण, तितकें अधिक बाष्प ती पोटांत ठेवूं शकते. ३० अंशांवर एका घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम बाष्प मावतें. २० अंशांवर अवघें १७ ग्रॅम. उरलेल्या बाष्पाचें पाणी होतें. एसीच्या आंत जी थंडगार नळ्यांची जाळी असते, जिला कॉईल म्हणतात, तिच्यावर हें पाणी दंव पडावें तसें जमतें, खालच्या ट्रेमध्यें उतरतें आणि ड्रेन पाईपानें बाहेर जातें. आतां आमच्याकडील ऋतुमान लक्षांत घ्यावें. मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते, कीं कॉईलवर पाणी जेमतेम जमतें. पाईप अर्धा तुंबलेला असला, तरी कोणास पत्ता लागत नाहीं. मृगाचा पाऊस झाला, कीं तेंच यंत्र दमट हवेंतून तासाला लिटर-दीड लिटर पाणी काढूं लागतें. म्हणजे उन्हाळाभर निर्दोष वाटलेला एसी पावसाळ्यांत अचानक गळूं लागतो, यांत नवल कांहींच नाहीं. दोष उन्हाळ्यांतलाच असतो. साक्ष तेवढी पावसाळा देतो.

शिवाय मे महिन्यांतील वावटळींची सगळी धूळ त्या यंत्राच्या जाळीवर बसलेली असते. पाणी सुटलें, कीं तिचा चिखल होतो, त्यावर बुळबुळीत शेवाळासारखा थर धरतो आणि पाईपाचें तोंड बंद होतें. गळतीचें सर्वांत सामान्य कारण हेंच. दुसरें कारण असें, कीं फिल्टर धुळीनें गच्च झाला म्हणजे कॉईलवरून हवा पुरेशी वाहत नाहीं. मग तीवर चक्क बर्फ धरतें, आणि यंत्र बंद केल्यावर तें वितळून ट्रेच्या बाहेर सांडतें. आंतील गॅस कमी झाल्यासही असाच बर्फ धरतो. कोठें यंत्र भिंतीवर तिरकें बसविलेलें असतें व पाणी पाईपाच्या विरुद्ध बाजूस धांवतें. कोठें पाईपास उतार नसतो, मध्येंच सापासारखा वळसा असतो. कोठें झाडांना पाणी व्हावें या सद्धेतूनें पाईपाचें टोक बादलींत बुडवून ठेवलेलें असतें, त्यामुळें आंतील हवा कोंडून पाणी मागें फिरतें. परंतु सर्वांत कपटी प्रकार निराळाच आहे. गॅसच्या तांब्याच्या नळीवर काळ्या फोमचें आवरण असतें. भिंतीच्या छिद्रापाशीं तें अपुरें राहिलें, तर त्या उघड्या थंड नळीवर भिंतीच्या आंतच दंव जमत राहतें. बाहेर एक थेंबही पडत नाहीं. पातेलें ठेवण्याची वेळ येत नाहीं, आणि म्हणूनच भिंत आंतल्या आंत पाणी पीत राहते.

आतां ठिपक्यांकडे वळूं. काटोल हें संत्र्यांचें गांव. येथें फळांचें एक संशोधन केंद्रही आहे. तेव्हां बुरशी म्हणजे काय, हें येथील पोरासही शिकवावें लागत नाहीं. पेटींतील एका संत्र्यावर हिरवट भुकटी धरते. तें संत्रें कोणीं हिसक्यानें उचललें, कीं ती भुकटी धुरासारखी उडते आणि चार दिवसांत शेजारची संत्रीं त्याच मार्गानें जातात. ती भुकटी म्हणजे बुरशीचीं बीजेंच. भिंतीवरील बुरशी याच कुळांतली. तिचीं बीजें हवेंत सदैव असतात, आणि त्यांस हवेंतून नाहींसें करणें कोणाच्याही हातीं नाहीं. त्यांस रुजावयास फक्त ओल लागते. अन्न म्हणून रंगांतील खळ, लांकूड, कागद, साधी धूळसुद्धां पुरते. भिजलेली वस्तु एक-दोन दिवसांत कोरडी झाली, तर बुरशी बहुधा धरत नाहीं. हा एक-दोन दिवसांचा हिशेब गृहिणींनीं पक्का ध्यानांत ठेवावा. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं छत्राक, म्हणजे आपला अळंबा, द्विजांस निषिद्ध ठरविला; पण त्याचेंच हें दूरचें भावंड भिंतीवर बिनदिक्कत नांदत असतें, आणि त्याविषयीं सोंवळेंओवळें कोणी पाळीत नाहीं!

एक घोटाळा मात्र टाळावा. भिंतीच्या पायथ्याशीं पांढरा, कापसासारखा भुरा येतो व पोपडे सुटतात, तो बहुतेक वेळां लोणा असतो, म्हणजे विटांमधील क्षार. बोटावर घेऊन पाण्याचा थेंब टाकला, तर लोणा विरघळतो. बुरशी विरघळत नाहीं, आणि तिला कुबट वासही असतो. लोण्यापासून आरोग्यास अपाय नाहीं, परंतु भिंतींत पाणी आहे, हें तोही सांगतो.

आमच्या परिचयाचें एक मोठें एकत्र कुटुंब आहे. घरांतील वृद्ध आजींच्या खोलींत एसी बसविला, आणि आजीजवळ निजण्याच्या हट्टानें धाकट्या सुनेचा पांच वर्षांचा मुलगाही तेथेंच झोपूं लागला. दुसऱ्या पावसाळ्यांत त्यास रात्रीचा खोकला लागला. पहांटे छातींत घरघर होई. औषध झालें, काढे झाले, दृष्टही काढून झाली. मुलाच्या आईनें एक गोष्ट हेरली: मामाकडे चार दिवस नेलें, कीं खोकला थांबतो, व परतल्यावर दुसऱ्या रात्रीं पुन्हा सुरू होतो. तिनें तें सासूबाईंच्या कानावर घातलें. "माहेरीं गेलें कीं सगळ्यांनाच बरं वाटतं, बाई!" असें उत्तर मिळालें, आणि विषय हंशांत संपला. पुढें दिवाळीच्या रंगसफेदीसाठीं आजींचें लांकडी कपाट भिंतीपासून ओढलें, तेव्हां मागें जमिनीपासून खांद्याच्या उंचीपर्यंत भिंत काळीकुट्ट निघाली. कपाटाची पाठ हाताला मऊ लागत होती. त्या भिंतीस मागील दोन वर्षें दोन वेळां वरून रंग दिला गेला होता. भिंतीच्या छिद्रांतील नळीवर आवरणच नव्हतें.

त्या सुनेचें निरीक्षण म्हणजे वैद्यकाच्या दृष्टीनें उत्तम पुरावा होता, आणि ती सून होती म्हणून तो वाया गेला, असें आमचें स्पष्ट मत आहे. घर सोडलें कीं बरें, घरीं आलें कीं पुन्हा तेंच, ही खूण ज्या घरांत दिसेल, त्या घरानें आधीं भिंती पाहाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ मध्यें घरांतील ओल व बुरशी यांविषयीं एक ग्रंथच प्रसिद्ध केला आहे. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्यें दमा, खोकला, घरघर व श्वसनमार्गाचे विकार अधिक आढळतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. अमुक इतकी बुरशी चालेल, अशी सुरक्षित मर्यादा त्यांत दिलेली नाहीं. ओलच नसावी, एवढेंच सांगितलें आहे. इंग्लंडांत रॉचडेल येथें २०२० च्या डिसेंबरांत अवाब इशाक नांवाचें दोन वर्षांचें बालक दगावलें. घरांत बुरशी आहे, अशी तक्रार त्याच्या आईबापांनीं वारंवार केली होती. त्यांच्या राहणीसच नांवें ठेवण्यांत आलीं. दीर्घकाळ बुरशीच्या संसर्गांत राहिल्यानें हा मृत्यु झाला, असा निर्णय २०२२ मध्यें तेथील चौकशी अधिकाऱ्यानें दिला, आणि घरमालकांनीं ठराविक मुदतींत बुरशी दूर केलीच पाहिजे, असा कायदा त्या बालकाच्या नांवानें तेथें झाला.

याबरोबर उलट बाजूची भीतिही दूर केली पाहिजे. २०२१ मध्यें कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर नागपूरच्या रुग्णालयांत 'काळ्या बुरशी'नें जो हाहाकार उडविला, तो आमच्याकडील कोणी विसरलेलें नाहीं. त्यामुळें भिंतीवर काळा डाग दिसला, कीं कित्येकांच्या पोटांत गोळा उठतो. तो रोग म्युकर जातीच्या बुरशींचा. त्या माती, शिळी भाकर, नासकीं फळें यांवर सर्वत्र असतात, आणि रंगानें काळ्याही नसतात. त्या रोगांत शरीराचा भाग मरून काळा पडतो, म्हणून तें नांव. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉईड औषधांचा मारा यांनीं ज्यांची प्रतिकारशक्ति खचली होती, तेच प्रायः त्यास बळी पडले. भिंतीवरील काळे डाग बहुधा निराळ्या जातींचे असतात. निरोगी माणसानें त्यांस पाहून घाबरूं नये. मात्र घरांत कर्करोगाचे उपचार चालू असलेला, अवयवरोपण झालेला, आवरांत न येणारा मधुमेह असलेला अथवा दमेकरी मनुष्य असेल, तर त्यास त्या खोलींत निजूं देऊं नये, आणि सफाईच्या दिवशीं घराबाहेरच ठेवावें. डाग कोणत्या जातीच्या बुरशीचा आहे, याची तपासणी करून देणारे लोक भेटतात. त्यावर पैसे खर्चूं नयेत. जात कोणतीही निघाली, तरी करावयाचें काम एकच आहे.

तें काम कोण करतें? बहुतेक घरांत फडकें घरांतल्या सुनेच्या किंवा भांडीवाल्या बाईच्या हातीं दिलें जातें, आणि "जरा घासून टाक" एवढ्यावर पुरुषमंडळी मोकळी होतात. गर्भवती स्त्रीनें वा धाप लागणाऱ्या व्यक्तीनें हें काम मुळींच करूं नये. जी व्यक्ति करील, तिला एन-९५ प्रकारचा मास्क, रबरी हातमोजे व डोळ्यांस बंद चष्मा द्यावा. कामवाल्या बाईसही तेंच सर्व द्यावें. पदर नाकास लावल्यानें बुरशीचीं बीजें अडत नाहींत. अंदाजें तीन फूट लांब व तीन फूट रुंद एवढ्या जागेपर्यंतचा डाग घरीं काढण्यास हरकत नाहीं; त्याहून मोठा असेल, तर माहितगार माणूस बोलवावा.

सर्वांत आधीं एसी बंद करावा. नुसता रिमोटनें नव्हे, तर पेटींतील एमसीबी पाडून. पाणी ज्या भिंतीवरून ओघळतें, त्याच भिंतींत बहुधा स्विचांचा बोर्ड असतो, हें विसरूं नये. गळती थांबविल्याखेरीज सफाई करणें म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणें होय. नंतर घराकडील दार बंद करून, फटीस ओलें कापड लावून, बाहेरची खिडकी उघडावी. पंखा त्या वेळीं लावूं नये. कोरडा ब्रश, खराटा, झाडू भिंतीस लावूं नये. पेटींतल्या त्या संत्र्याची आठवण ठेवावी. साबणाचें पाणी हलक्या हातानें फवारून डाग प्रथम भिजवावा, मग ओल्या फडक्यानें पुसावा, फडकें वारंवार बदलावें, आणि वापरलेलीं फडकीं प्लास्टिकच्या पिशवींत बांधून टाकून द्यावीं. साधें साबणाचें पाणी, थोडा जोर आणि त्यानंतरचें कडक वाळवण यांनीं बहुतेक काम होतें. डाग निघाल्यावर मात्र पंखे खुशाल लावावेत.

ब्लीचविषयीं थोडें खुलाशानें सांगितलें पाहिजे, कारण जीव जाण्याचा धोका बुरशीपेक्षां येथें अधिक आहे. ब्लीचचा उपयोग फरशी, टाईल्स अशा कठीण पृष्ठभागांवरच होतो; गिलाव्यांत तें आंत शिरत नाहीं, त्यांतील पाणी मात्र शिरतें. वापरावयाचेंच, तर एक भाग द्रवरूप ब्लीचला निदान सोळा भाग पाणी घ्यावें. आणि कोणत्याही परिस्थितींत त्यांत संडास धुण्याचें आम्ल, व्हिनेगर, लिंबाचा रस किंवा अमोनियायुक्त कांचसफाईचें द्रव मिसळूं नये. आम्लाबरोबर ब्लीचमधून क्लोरीन वायु सुटतो. पहिल्या महायुद्धांत २२ एप्रिल १९१५ रोजीं ईप्र येथें जर्मनांनीं शत्रूवर जो विषारी वायु सोडला, तो हाच. "दोन्ही थोडथोडें घातलें म्हणजे जोर येतो," अशी समजूत आम्हीं सुशिक्षित घरांतूनही ऐकली आहे. बंद न्हाणीघरांत असा 'जोर' आला, तर पळावयासही अवधि मिळत नाहीं. एसीच्या आंत ब्लीच फवारण्याचा उद्योगही करूं नये. कॉईलच्या अॅल्युमिनियमच्या पातळ पात्या त्यानें खाल्ल्या जातात. आंतील गोल पंख्यावर काळा थर दिसत असेल, तर तें यंत्र उतरवून धुण्याचें मेकॅनिकचें काम आहे.

भिजून बुरसलेली कापसाची गादी, उशी, जिप्समच्या फॉल्स सीलिंगचा तुकडा, प्लायवूडची फुगलेली फळी हीं वांचविण्याच्या भानगडींत पडूं नये. जुन्या लग्नांतील गादी टाकतांना जीव तुटतो, हें आम्ही जाणतों. पण तिच्या आंतपर्यंत शिरलेली बुरशी ऊन देऊन मरत नाहीं, आणि मेली तरी तिची धूळ नाकांत जातेच. चांगलें सागवानी लांकूड मात्र पुसून, वाळवून राहतें. पोथ्या-पुस्तकांची गोष्ट निराळी. पोथी ओली असेल, तर पानांच्या दरम्यान टीपकागद घालून, वाऱ्यावर, सावलींत प्रथम पुरती वाळूं द्यावी. पूर्ण कोरडी झाल्यावर अंगणांत नेऊन, मास्क लावून, मऊ ब्रशानें झटकावी. ओल्या अक्षरांवर फडकें फिरवलें, तर शाई व बुरशी दोन्ही एकजीव होतात. पोथ्यांचें कपाट एसीच्या भिंतीस कधींही टेकवूं नये. मागें चार बोटें जागा ठेवावी.

भिंत कोरडी झाली, कीं नाहीं, हें पाहण्याची एक सोपी युक्ति आहे. पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी कडा चिकटपट्टीनें बंद करून भिंतीवर एक दिवस लावून ठेवावा. पाणी प्लास्टिकच्या आंतल्या बाजूस जमलें, तर भिंत अजून ओली आहे. बाहेरच्या बाजूस जमलें, तर दोष खोलींतील दमट हवेचा आहे. मुरलेली भिंत सुकावयास कित्येक आठवडे लागतात. तोंवर रंग देऊं नये. आजकालचे प्लास्टिकसारखे रंग भिंतीवर जणू मेणकापड चढवितात. आंतील ओल कोंडली जाते, आणि महिन्यांत डाग पुन्हा वर येतो. जुन्या घरांत पावसाळा सरल्यावर चुना देण्याची चाल होती. चुन्यांतून भिंत श्वास घेई, आणि ताज्या चुन्याच्या तीव्र क्षारापुढें बुरशीचें कांहीं चालत नसे. दिवाळीची ती रंगसफेदी केवळ शोभेची नव्हती.

खोलींतील दमटपणा मोजण्याचें लहानसें यंत्र बाजारांत कांहीं शें रुपयांत मिळतें. कांटा शेंकडा साठाच्या खालीं राहील, असें पाहावें. पावसाळ्यांत कूलर आणि एसी एकाच घरांत चालविणें म्हणजे एका हातानें भरणें व दुसऱ्यानें उपसणें होय. कूलर पितृपक्षापर्यंत नव्हे, तर पहिल्या पावसासच उचलून ठेवावा. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशांत नवीन एसी सुरू होतांच चोवीस अंशांवर लागावा, असा सरकारी नियम आहे; तो आंकडा तेथेंच राहूं द्यावा. अठरावर नेऊन वर रजई पांघरणाऱ्यांच्या भिंती व नळ्या अधिक थंड होतात, व त्यांवर दंवही अधिक जमतें. एसी बंद करण्यापूर्वीं अर्धा तास नुसता पंखा चालूं ठेवला, तर कॉईल कोरडी होते. फिल्टर दर पंधरवड्यास साध्या पाण्यानें धुवून सावलींत वाळवावा. हें काम मुलांस सोंपवावें, त्यांना तें आवडतें.

त्या पाण्याविषयीं एका सद्गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, कीं हें तर हवेंतून आलेलें, म्हणजे आयुर्वेदांतील आंतरिक्ष जलच. देवाच्या अभिषेकास चालेल काय? आम्हीं त्यांस फिल्टर काढून दाखविला. पाणी कुंड्यांस घालावें, फरशी पुसावी; पिऊं नये व स्वयंपाकांत वापरूं नये. पाईपाचें टोक मात्र बादलीच्या कांठाच्या वर, मोकळें राहिलें पाहिजे.

मेकॅनिक येईल, त्या दिवशीं घरांतील एका जाणत्या माणसानें शेजारीं उभें राहावें, आणि तो गॅस भरण्याच्या गोष्टी बोलूं लागण्यापूर्वीं त्याच्याकडून ट्रेमध्यें तांब्याभर पाणी ओतवावें. बाहेर दुसऱ्यानें उभें राहून तें पाईपांतून सरळ धार धरून येतें, कीं ठिबकत येतें, हें पाहावें. मग यंत्रास लेव्हल लावून बघावयास सांगावें, आणि भिंतीच्या छिद्रांत बोट घालून फोमचें आवरण आरपार गेलें आहे, कीं नाहीं, हें स्वतः चांचपावें. हें सर्व काम अर्ध्या तासाचें आहे. तें चैत्रांत, एसी पहिल्यांदा लावण्याआधीं करवून घ्यावें, कारण मृग लागल्यावर मेकॅनिक आठ-आठ दिवस मिळत नाहीं.